आंबिया बहारातला शनिवार

कोंढाळीच्या अलीकडे डांबर संपलं
आणि गाडीतले तिघंही एकदम गप्प झाले.
काचा खाली. मंदाकिनी म्हणाली, "आई गं!"
फिरोज म्हणाला, "काय सुटलाय बे!"
मी बाहेर पाहिलं: संत्र्याची झाडं,
हिरव्यावर पांढरं, नजर पोचेल तिथवर.
मीही म्हटलं, "अहाहा."
तीन वर्षं झाली, हा शब्द मी
दुसऱ्यांच्या चेहऱ्यांवरून वाचून म्हणते.
सकाळी वाडीच्या पंपावर
फिरोजच्या अत्तराचंही असंच कौतुक केलं होतं.

लांजेवारने बँकेला रामराम ठोकून
फंडाचे पैसे स्टीलच्या चार टाक्यांत ओतलेत.
परवाना अजून अर्जातच.
"म्हणून विकून नाही राह्यलो, पाजून राह्यलो."
पंपघराला चुना मारून त्याची टेस्टिंग रूम केली आहे,
मोटरीचा स्टार्टर भिंतीवर तसाच,
खाली टेबल, टेबलावर पोरीच्या लग्नात आलेले
आणि तिने मागे ठेवलेले काचेचे पेले.
"तिरपा धरा. फिरवा. आधी नाक.
काय दिसते ते सांगा."
नाकाला काय दिसणार, असं कुणी विचारलं नाही.

पहिली संत्र्याची.
वृषाली म्हणाली, साल सोलताना डोळ्यात उडतं ते.
दुसरी जांभळाची.
मंदाकिनीला शाळेतली सांडलेली दौत दिसली.
फिरोजने डोळे मिटले, बराच वेळ उघडले नाहीत,
मग म्हणाला, अब्बांचा मोतीबागेतला खाकी कोट,
ग्रीस लागलेला, दाराच्या मागे.
आणि तू?
"मध," मी म्हटलं. "थोडासा."
लांजेवारने वहीत लिहून घेतलं,
माझं खोटं, निळ्या शाईत, तारखेसकट.

तिसरी मोहाची. दोन वर्षं जपलेली.
ती ओतताना त्याचा हात कापत होता.
तिघांनी पेले नाकाशी नेले
आणि जरा जास्तच वेळ तिथे धरले.
"वा," वृषाली म्हणाली.
"वेगळीच आहे," मंदाकिनी.
फिरोजने स्टार्टरवरचा लाल दिवा न्याहाळला.
मला हे कळायला हवं होतं.
पण माझ्यापाशी उरली आहे फक्त जीभ,
आंबट, तुरट, कडू, गोड, खारट,
पाच खोल्यांचं बिनखिडक्यांचं घर.
मी घोट घेतला.
"लांजेवार," मी म्हटलं, "हे आंबलंय रे."

तेवढ्यात वीज आली.
मोटर धडधडत सुरू झाली आणि
कुणालाच काही बोलावं लागलं नाही.
त्याने स्वतःचा पेला चाखला, खाली ठेवला,
आणि पाणी कुठवर पोचलं ते बघायला
बॅटरी न घेताच बागेत गेला.
"बोलायची काय गरज होती?" मंदाकिनी म्हणाली.
तिला वास आला होता. तिघांनाही आला होता.

रात्री भरताबरोबर त्यानेच कांदा चिरला,
ती बाटली आणून त्यावर उपडी केली.
"घ्या. दोन वर्षांचा आहे."
तो हसेपर्यंत कुणी हसलं नाही.
कांदा मात्र सगळ्यात आधी संपला.

रविवारी परतताना मागे दोघी झोपलेल्या.
बाजारगावच्या पुढे फिरोज हळूच म्हणाला,
"कधीपासून?"
"काय कधीपासून?"
"मी अत्तर लावत नाही.
काल पंपावर माझ्या बाहीवर पेट्रोल सांडलं होतं."

मी रस्त्याकडे बघत राहिले.
त्यानेही पुढे काही विचारलं नाही.
मग थोड्या वेळाने, जणू मैलाचे दगड वाचावेत तसं,
तो सांगू लागला:
आता भुसा. ओला.
आता कुणी टायर जाळून राह्यलं, सुटलीस.
आता डिझेल, ट्रकचं, पुढच्या.
आता लसणाची फोडणी. बहुतेक करपली.
रविनगर आलं तशी त्याची वाक्यं आखूड झाली,
बर्डीच्या सिग्नलला तो थांबलाच.
"काय झालं?" मी विचारलं.
"थांब," तो म्हणाला,
"इथं सगळंच एकदम येऊन राह्यलं."